मदत हवी आहे: बाबांच्या पक्षीनोंदींच्या जुन्या वह्या ईबर्डवर कशा भरायच्या?

नमस्कार मंडळी,

बाबा गेल्या वर्षी गेले. माळ्यावरची ट्रंक उघडली तर तिच्यात १९८९ ते १९९८ पर्यंतच्या अकरा वह्या निघाल्या. ते दर रविवारी सायकलवरून भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला जायचे, त्याच्या या नोंदी. एक नमुना देतो:

"१६ जाने. १९९४. डिकसळ पुलाजवळ. रोहित अं. ३००. चक्रवाक ८. थापट्या पुष्कळ. शराटी २२. वारा फार."

हे ट्रंकेत पडून राहू नये, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जावं असं मनापासून वाटतं. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, पण दीर्घकाळचा कल सांगता आला तो फक्त ३३८ जातींचा. कारण २००० च्या आधीच्या नोंदीच थोड्या. बाबांच्या वह्या नेमक्या त्या काळातल्या आहेत.

उत्साहात मी ईबर्डवर सहा याद्या भरून टाकल्या आणि मग चूक लक्षात आली. ओळखलेले सगळे पक्षी यादीत आहेत का, या तिथल्या प्रश्नाला मी सरसकट 'हो' म्हटलं होतं. पण बाबा कावळा, साळुंकी, गायबगळा कधी लिहीतच नसत! म्हणजे त्या दिवशी भिगवणला कावळा दिसलाच नाही, असा अर्थ निघणार. ते उत्तर आता 'नाही' करून ठेवलंय. वेळ आणि अंतर वहीत नाही, म्हणून यादीचा प्रकार 'हिस्टॉरिकल' निवडला. हे बरोबर आहे ना?

खरी अडचण पुढे आहे. नुसतं 'शराटी' म्हणजे पांढरा, काळा की मोर शराटी? 'पाणकावळा' लिहिलंय तिथेही तोच घोळ, उजनीवर एकाहून जास्त जातींचे दिसतात. अंदाजाने एक जात टाकायला मन धजत नाही. जात न ठरवता नोंद करायची सोय आहे, पण तशा नोंदींचा अभ्यासकांना खरंच उपयोग होतो का? 'पुष्कळ'साठी आकड्याच्या जागी एक्स टाकतोय, निदान पक्षी होता एवढं तरी कळेल.

आणि खातं कुणाच्या नावाचं असावं? पक्षी बाबांनी पाहिलेत, माझ्या खात्यात ते दिसणं मला खटकतं. गेलेल्या माणसाच्या नावाने वेगळं खातं उघडलेलं चालतं का? कुणी असं केलंय?

दोन वह्यांच्या कडा वाळवीने खाल्ल्यात, म्हणून आधी सगळ्या पानांचे फोटो काढतोय. बारामती-इंदापूर-दौंड भागात त्या काळी उजनीवर फिरलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. वह्या घेऊन मी स्वतः येईन. 'शराटी'चा उलगडा तुम्हीच करू शकाल.