मदत हवी आहे: इंजिन तापलं की ऑइलचा दिवा लुकलुकतो

मंडळी, माझी २००३ची डिझेल व्हॅन आहे, मागे बाकडं-शेगडी बसवून घरीच कॅम्पर केलेली. गुहागरहून निघालो, तवसाळ-जयगड फेरीबोटीतून उतरलो आणि जेटीवरून वर चढून फाट्यावर थांबलो, तर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. जरा रेस दिली की विझतो. सकाळी थंड इंजिनवर काहीच नाही.

डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेला आहे, त्याला डिझेलचा वास नाही, दुधाळपणाही नाही. ऑइल-फिल्टर २००० किमीपूर्वीच बदललं, १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल घातलं. हा दिवा लावणाऱ्या ऑइल-प्रेशर सेन्सरची टोपी काढली तर पिनवर हिरवी बुरशी धरलेली. खारा वारा, दुसरं काय! पॉलिश पेपरने घासली, दोन दिवस दिवा गप्प. काल पुन्हा सुरू.

इथला एक मेस्त्री म्हणतो सेन्सर बदला, दुसरा थेट चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून बेअरिंग बघू म्हणतो. मला वाटतं, आधी सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर मोजावं. गरम इंजिनला आयडलवर किती पीएसआयखाली गेलं तर घाबरायचं? आणि आटे जुळणारं गेज रत्नागिरीत कुठे भाड्याने मिळेल?

टॅपेटचा (इंजिनाच्या वरच्या भागातला टकटक) आवाज नाही, पण माझ्या कानांवर माझाच भरवसा नाही. गाडी मालगुंडात माडाखाली उभी आहे. आरे-वारेचे चढ घेत रत्नागिरीपर्यंत चालवत नेऊ की टो करू? बायको म्हणते टो.