‘स्प्रॉकेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलचे पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट बदलण्याची कृती मी मराठीत लिहीत आहे. ‘दंतचक्र’ लिहिले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गिअर येतो. ‘पॉकेट’ लिहिले तर गॅरेजमधल्या मुलाला लगेच कळते, पण छापील पानावर त्याचा खिसा होतो. कोणता शब्द घ्यावा? आणि स्प्रॉकेटला ‘दात’ असतात की ‘दाते’?

उत्तर :
‘दंतचक्र’ या लेखनात टाळावे, असे माझे मत आहे. दोन दंतचक्रे एकमेकांत अडकून फिरतात आणि त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. स्प्रॉकेट मात्र साखळीत अडकते आणि साखळीने जोडलेली दोन्ही स्प्रॉकेटे एकाच दिशेने फिरतात. पुढच्या स्प्रॉकेटच्या पलीकडे, इंजिनाच्या आवरणाआड खरी दंतचक्रे असतातच, त्यामुळे एकच शब्द दोन्हींसाठी वापरला तर नवशिक्याचा गोंधळ ठरलेला. ‘कप्पी’ही चालणार नाही, कारण कप्पीला खोबण असते, दाते नसतात. ‘साखळीचक्र’ अर्थाला नेमका आहे, पण दुकानात जाऊन तो शब्द उच्चारला तर काउंटरवरचा माणूस नुसता बघत राहील. म्हणून ‘स्प्रॉकेट’च ठेवावे, पहिल्या उल्लेखाला ‘साखळी ज्यात अडकते ते दातेरी चाक’ असा खुलासा करावा आणि ‘गॅरेजमध्ये यालाच पॉकेट म्हणतात’ हे वाक्य जोडावे. ‘पॉकेट’ हे उघडच स्प्रॉकेटचे बोलीत झिजलेले रूप आहे. त्याचा खिशाशी काही संबंध नाही. लिंग ‘चाक’प्रमाणे नपुंसक मानावे, ‘स्प्रॉकेटाचे’ऐवजी ‘स्प्रॉकेटचे’ हेच कानाला बरे वाटते.

‘दात’ आणि ‘दाते’ यांत मी ‘दाते’ निवडेन. करवतीचे, फणीचे, दाताळ्याचे ते दाते, एकवचन ‘दाता’. मात्र गॅरेजमध्ये सर्रास ‘चौदा दातांचं पॉकेट’ म्हणतात आणि ते चूक ठरवण्याचे कारण नाही.

दुसरे उत्तर :
वरील मताशी मी सहमत आहे, पण माझ्या मते खरी काळजी नामापेक्षा विशेषणांत आणि क्रियापदांत घ्यायला हवी. ‘एक दाता वाढवला’ हे वाक्यच घ्या. समजा पुढे 14 आणि मागे 42 दाते आहेत. म्हणजे पुढचे स्प्रॉकेट तीन वेळा फिरते तेव्हा मागचे एकदा फिरते. पुढचे स्प्रॉकेट 15 दात्यांचे केले तर हे प्रमाण 2.8 वर येते, त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात, पण चढावर गाडीची ओढ घटते. मागे दाते वाढवले तर परिणाम नेमका उलटा होतो. शिवाय पुढचा एक दाता मागच्या जवळपास तीन दात्यांइतके काम करतो. तेव्हा ‘पुढे’ की ‘मागे’ हे सांगितल्यावाचून ‘दाता वाढवणे’ या शब्दप्रयोगाला अर्थच नाही.

तसेच ‘चेन लांबली’ हा प्रयोग रूढ आहे आणि तो ठेवावा, पण त्यातून कड्यांच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जातात असा समज होता कामा नये. साखळीच्या पिना आणि त्यांभोवतीचे बुश, म्हणजे छोट्या नळ्या, झिजतात, प्रत्येक कडीतल्या दोन पिनांमधले अंतर किंचित वाढते आणि त्याची बेरीज लांबी म्हणून दिसते. 428 क्रमांकाच्या साखळीत हे अंतर मुळात अर्धा इंच असते. क्रमांकातला पहिला 4 म्हणजे इंचाचे चार अष्टमांश. अंतर वाढलेली जुनी साखळी नव्या दात्यांवर नीट बसत नाही आणि त्यांनाही लवकर आकड्यासारखे वाकडे करते. म्हणूनच साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेटे एकदमच बदलतात, आणि त्या संचाला ‘चेन किट’ म्हणतात. साखळीच्या सैलपणाला ‘झोल’ हा गॅरेजमधला शब्द मला फार आवडतो. हल्ली त्याचा अर्थ घोटाळा असाही होतो, पण खालच्या बाजूची साखळी बोटाने वर-खाली करताना तो शब्द कोणालाही कळतो.

कृतीत ‘सैल करणे’ आणि ‘काढणे’ ही क्रियापदे अदलाबदल करून वापरू नयेत. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट साखळी चढवलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून, सैल करायचे असतात. आधी साखळी काढली की पान्ह्याबरोबर स्प्रॉकेटही फिरू लागते. मागच्या नटांखाली जिथे पत्र्याच्या लॉक पट्ट्या असतात, तिथे आधी छिन्नीने त्यांचे कान ‘सरळ करावेत’ आणि नट आवळल्यावर ते पुन्हा ‘दुमडावेत’. नुसते ‘लॉक काढा’ लिहू नये, कारण साखळी जोडणाऱ्या कडीलाही ‘चेन लॉक’च म्हणतात.

त्या कडीची क्लिप बसवण्याबाबत ‘बंद टोक पुढे’ असे अनेकदा लिहिलेले आढळते. ते अर्धेच बरोबर आहे. साखळीची वरची बाजू इंजिनाकडे धावते आणि खालची मागच्या चाकाकडे. कडी खालच्या बाजूला असताना कोणी ‘पुढे’ म्हणजे हेडलाइटकडे असे समजून क्लिप बसवली, तर ती उलटी बसेल. ‘क्लिपचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे’ असे लांबलचक वाक्यच तिथे लिहावे.