तळ्यातली जलपर्णी पावसाआधी काढायची की नंतर?

पाणकाठ_ठाणे: घोडबंदर रस्त्यालगत सोसायटीच्या मागचं तळं. साधारण ४०० चौरस मीटर भाग जलपर्णीनं झाकलाय. एका कडेला पाणकणीस (उंच, गवतासारखं, काठाला वाढणारं), मधे थोडी कुमुदं तग धरून. तणनाशक मारा असा आग्रह आहे. काय करावं? पाणकणीसही उपटायचं का?

गाळ_आणि_मुळं: तणनाशक नको. सगळा थर एकदम मरून तळाशी कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे वर येतात. शिवाय कुमुदंही जातात.

फेब्रुवारीत सुरू करा, मे अखेर आटपा. पावसाच्या लोंढ्यानं तुकडे सगळीकडे पसरतात. वाऱ्यानं थर ज्या काठाला लागतो तिथूनच ओढायचा. जाड दोराला रिकामे कॅन बांधून थराला वेढा घाला, काठाशी आणा, मग दाताळ्यानं बाहेर. दाट थर चौरस मीटरला २०-३० किलो भरतो, म्हणजे तुमच्याकडे ८ ते १२ टन ओला माल. टेम्पो आधी ठरवा, नाहीतर ढीग काठावर पडून पहिल्या सरीला परत पाण्यात. रोपांना जोडणारी आडवी खोडं तुटून राहिली की त्यातूनच नवी रोपं येतात, म्हणून जाळीनं तुकडे गोळा करा. बी गाळात वीस वर्षंही टिकतं. त्यामुळे पुढे दर पंधरा दिवसांनी फेरी हवीच.

सांडपाण्याची नळी तळ्यात उतरते का, ते आधी बघा. ती चालू असेल तर ही मेहनत दरवर्षीची. अशा तळ्यातल्या जलपर्णीचं खत भाजीला घालू नका, मुळं जड धातू शोषतात.

तिवर_नवीमुंबई: भुंगे सोडायचा सल्ला मिळेल. जलपर्णी खाणारे नियोकेटिना भुंगे खरंच काम करतात, पण काही वर्षांनी. आणि हातानं सगळं काढलंत तर ते उपाशी मरतात. दोन्ही एकदम नको.

मीठ टाकायची टूम कोणी काढली तर थांबवा. खाऱ्या पाण्यात जलपर्णी मरते हे खरं, पण कुमुदंही मरतात. आणि इकडच्या धारण तलावांत (पावसाचं पाणी साठवायला खाडीलगत केलेल्या) हा धागा वाचून कोणी तिवर, मारांडी काढायला निघू नये. ती खाडीची मूळची झाडं, कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे.

गाळ_आणि_मुळं: पाणकणीस राहिलं. ते आपलंच, पण पसरतं फार. उपटू नका. तिसरा हिस्सा पक्ष्यांना ठेवा, बाकीचं पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापा. मुळाला हवा त्या दांड्यांतूनच जाते, तोंड बुडालं की मूळ गुदमरतं. पाण्यावर कापलंत तर महिन्यात पुन्हा तितकंच.