शब्दचर्चा : लिंबू गोड 'होतं' की गोड 'लागतं'?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात माझी शाळा आहे. जिभेचा धडा घेताना मिरॅकल फ्रूटबद्दल सांगितलं. पश्चिम आफ्रिकेतलं हे लहान बोराएवढं लाल फळ. त्याचा गर जिभेवर घोळवला की पुढे अर्धा-पाऊण तास लिंबूसुद्धा गोड. याला 'रुचिपालट फळ' म्हणावं का? मुलांनी वहीत 'या फळाने लिंबू गोड होते' असं लिहिलंय, ते बरोबर आहे का?

उत्तर : सर, 'रुचिपालट' नको. रोजच्या भाजी-भाकरीऐवजी एखाद्या दिवशी थालीपीठ केलं की आपण रुचिपालट म्हणतो. तिथे पदार्थ बदलतो, जीभ तीच असते. 'चव बदलणारं' म्हटलं तर वरण आंबल्यासारखं वाटेल. 'आंबटगोड' तर चिंच-बोरांनी कधीच घेतलाय, आणि त्यात दोन्ही चवी एकदम येतात.

क्रियापदाचा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. आंबा पिकून गोड होतो, कारण त्याच्यात साखर तयार होते. इथे लिंबातलं आम्ल जेवढ्यास तेवढंच राहतं. फळातलं मिराक्युलिन हे प्रथिन (१९६८ मध्ये ते वेगळं काढलं गेलं) जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) चिकटून बसतं आणि आंबट आलं की त्यांना चेतवतं. नुसतं चाखलं तर ते स्वतः गोडही नाही. म्हणून 'लागतं' हेच खरं. गोड लागलं म्हणून लिंबांवर लिंबं खाल्ली तर पोटात जळजळ व्हायची ती होणारच, हेही मुलांना सांगा.

दुसरं उत्तर : आमची आजी म्हने, "आवया (आवळा) खा अन् वरतून पानी पे, गोड लागते." पानी गोड होते असं कोनी म्हनत नाही. सर, पोरायले आधी आवयाच द्या, तो गावात भेटते.

पहिल्याचंच पुन्हा : अगदी बरोबर. आणि उलट्या बाजूला गुडमार आहे, मधुनाशिनी. तिचं पान चावून साखर तोंडात टाकली की रेतीसारखी लागते. गोडाला मारते ती गुडमार, किती नेमकं नाव! पण त्या धर्तीवर मिरॅकल फ्रूटला 'आंबटमार' म्हणू नका. ते आंबट मारून थांबत नाही, त्याचं गोड करून दाखवतं. फलकावर नाव 'मिरॅकल फ्रूट'च राहू द्या, आणि खाली लिहा : 'हे फळ चघळल्यावर आंबट पदार्थ गोड लागतात.'