‘वेश्या’ हा शब्द ‘वेष’वरून आला का? आणि बातमीत काय लिहावं?

मुद्रितशोधक:
बातम्या आणि संस्थांचे अहवाल तपासताना एकाच मजकुरात वेश्या, वैश्या, वारांगना, देहविक्री करणारी महिला असं सगळं एकत्र सापडतं. शब्द ‘वेष’वरून आला असं बरेच जण सांगतात, ते बरोबर आहे का? आणि यातलं नेमकं काय ठेवायचं?

धातुपाठ:
‘वेष’चा संबंध नाही. मूळ शब्द ‘वेश’, शहामृगाचा श. विश् म्हणजे आत शिरणे. त्यावरून वेश म्हणजे घर, पुढे गणिकांची वस्ती. तिथली ती वेश्या. कामसूत्रातलं सहावं अधिकरण याच विषयावर आहे आणि त्याचं नाव ‘वैशिक’. पोशाखालाही आपण ‘वेशभूषा’, ‘गणवेश’ लिहितो, म्हणून गैरसमज घट्ट बसला.

‘वैश्या’ मात्र टंकताना हमखास होणारी चूक. वैश्य हा वर्ण. पण सरसकट ‘शोधा आणि बदला’ करू नका. ‘वैश्यांचा व्यापार’ असं बरोबर लिहिलेलं वाक्य ‘वेश्यांचा व्यापार’ होऊन बसेल. सामान्यरूपं एकेक करून डोळ्यांखालून घाला.

आणि ‘गणिका’ सौम्य पर्याय म्हणून वापरू नका. कामसूत्रातच वेश्यांचे नऊ प्रकार आहेत, कुंभदासी ते गणिका. गणिका त्यातली सर्वांत वरच्या दर्जाची, कलानिपुण. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात तिच्यासाठी ‘गणिकाध्यक्ष’ हा स्वतंत्र अधिकारी आहे आणि तिला १००० ‘पण’ (तेव्हाचं नाणं) वेतन सांगितलं आहे. आजच्या बातमीत तो शब्द चुकीचं चित्र उभं करतो.

जुनीपोथी:
जुन्या मराठीतला ‘कसबीण’ही पाहा. अरबी ‘कसब’ म्हणजे कमाई, हुन्नर. ‘कसबी कारागीर’ म्हटलं की आजही कौतुकच असतं, स्त्रीलिंगी रूपाची मात्र शिवी झाली. ‘रांड’चंही तसंच: विधवा आणि वेश्या दोघींना एकच शब्द, म्हणून जुन्या कागदांत ‘रांड’ दिसली की संदर्भ पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये. भाविण, कलावंतीण ही देवळाच्या सेवेशी जोडलेल्या समाजांची नावं. ती समानार्थी म्हणून टाकणं हा त्या लोकांवर अन्यायच आहे.

बीटवार्ताहर:
बातमीपुरतं सांगतो. आधी ती बाई कोणत्या परिस्थितीत आहे ते पाहा, मग शब्द निवडा.

सज्ञान आणि स्वतःच्या मर्जीने हे काम करणारी: ‘सेक्स वर्कर’ किंवा ‘देहविक्रय करणारी महिला’. फसवून, विकून आणलेली: ‘मानवी तस्करीची पीडित’. तिला सेक्स वर्कर म्हटलं की आणणाऱ्याचा गुन्हाच वाक्यातून पुसला जातो. १८ वर्षांखालील मुलगी: यातला एकही शब्द नाही, ती लैंगिक अत्याचाराची पीडित आहे, तिथे पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो.

‘वेश्याव्यवसाय करताना पकडले’ हे वाक्य काढून टाका. १९५६च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायद्यात, ज्याला पोलीस ‘पिटा’ म्हणतात, खासगीत स्वेच्छेने केलेला व्यवसाय हाच गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, दुसरीच्या कमाईवर जगणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. कलम पाहून नेमकं कृत्य लिहा. कायद्याचा मजकूर उद्धृत करताना मात्र त्यातला शब्द बदलू नका.

नाव, फोटो, ओळख पटेल असा तपशील कधीच नको. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२च्या आदेशात छापा, अटक आणि सुटकेच्या बातम्यांबाबत माध्यमांना हे बजावलं आहे, ती स्त्री पीडित असो वा आरोपी.

कृष्णाकाठ:
एक भर घालते. सांगलीत हे काम करणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या संघटनेचं नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ आहे. त्यांनी तो शब्द मुद्दाम ठेवला आणि आपल्या कामाला त्या सरळ ‘धंदा’ म्हणतात. तेव्हा त्यांची मुलाखत सुधारताना अवतरणातला ‘धंदा’ खोडून ‘देहविक्रय’ करू नका. शरीर विकत नाही, काम करतो, हाच त्यांचा मुद्दा असतो. अवतरणाबाहेर, तुमच्या वाक्यात, ‘धंदेवाली’ लिहिलंत तर ती शिवी होते.