मदत हवी आहे: गाडी लागणाऱ्याने व्हीआर हेडसेट घ्यावा का? (कोल्हापूर)

मंडळी, दीड वर्ष थोडे थोडे पैसे बाजूला टाकून व्हीआर हेडसेटपुरते (डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचा तो) जमवलेत आणि आता ऐन वेळी धीर होत नाहीये.

मी गोकुळ शिरगावला सीएनसी मशीनवर कामाला, राहायला राजारामपुरीत. धाकटा भाऊ नोकरीसाठी बंगळुरात असतो. लहानपणी आम्ही एकाच कॉम्प्युटरवर अर्धा-अर्धा कीबोर्ड वाटून खेळायचो. त्याने मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ हेडसेट घेतलाय. "दादा, तूपण घे, शनिवारी रात्री दोघं खेळू," हे रोजचं चाललंय. मलाही तेच हवंय. फोनवर 'जेवलास का'च्या पुढे आमचं बोलणं सरकत नाही, खेळायला बसलो की मनातलं सगळं निघतं.

पण मला गाडी लागते. गगनबावड्याचा घाट म्हटलं की खिडकीची जागा आणि खिशात आवळासुपारी लागतेच. मागे पुण्यात एका मॉलच्या गेम झोनमध्ये रोलर कोस्टरचा खेळ करून बघितला. हेडसेटचा फोम आधीच्या माणसाच्या घामाने ओला, चष्मा नाकात रुतलेला, कडेचं सगळं पुसट. दुसऱ्याच मिनिटाला कपाळावर गार घाम फुटला. लगेच काढला, तरी संध्याकाळपर्यंत मळमळत होतं. दोष त्या हेडसेटचा की माझा, तेच कळेना.

बजेट ४० हजार, म्हणजे त्यातलाच स्वस्तातला क्वेस्ट ३एस. एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा १२८ जीबीचा ३५,९९९ ला होता. क्वेस्ट ३ तेव्हा ६१,९९९, तो झेपणार नाही. माझ्या चष्म्याच्या चिठ्ठीवर दोन बुबुळांमधलं अंतर ६६ मिमी आहे आणि ३एसमध्ये भिंगं ५८, ६३, ६८ अशा तीनच अंतरांवर बसतात. चालेल का? स्टीमवाल्या वाल्व कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टीम फ्रेम हा नवा हेडसेट जाहीर केला, पीसीसाठीचा वायरलेस अॅडॅप्टर सोबतच आहे म्हणतात. त्यासाठी थांबू का?

लॅपटॉपला ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. राऊटर आईबाबांच्या खोलीत. हॉलमध्ये टीपॉय सरकवला तर पाच बाय साडेसहा फूट मोकळं होतं, एका कडेला आईचं शिलाई मशीन.

प्रतिसाद

दादा, स्टीम फ्रेमसाठी थांबू नका. वाल्वने स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा कॉम्प्युटरसुद्धा इथे अधिकृतपणे विकला नाही. बाहेरून मागवला तर कस्टम भरा आणि बिघडला तर दुरुस्तीला परत परदेशी पाठवा.

६६ ला ६८ची जागा बहुतेक चालते. मात्र ३एसच्या फ्रेनेल (गोल गोल खाचांच्या) भिंगात मधलाच भाग लख्ख दिसतो, हेडसेट जरा सरकला की पुसट. मॉलमध्ये तुम्हाला कडेचं पुसट दिसलं ते अशाच भिंगामुळेही असेल. म्हणून चष्म्यासकट घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मळमळीचं कारण साधं आहे. डोळ्यांना आपण धावतोय असं दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला काहीच हललेलं जाणवत नाही. रोलर कोस्टर म्हणजे त्यातला सगळ्यात वाईट नमुना, त्यावरून हेडसेटची परीक्षा करू नका. बीट सेबरसारख्या (गाण्याच्या तालावर ठोकळे कापायच्या) खेळात आपण एकाच जागी उभे असतो, तिथे त्रास खूप कमी. चालायच्या खेळात टेलिपोर्ट ठेवा, म्हणजे चालत न जाता थेट पुढच्या जागी उडी. घाम यायच्या आत थांबा, 'अजून पाच मिनिटं' करू नका. समोर टेबलफॅन असला की बरं वाटतं.

राऊटरचं मात्र आधी बघा. लॅपटॉपवरचा खेळ वायफायने येताना अडखळला की मान फिरते आणि चित्र मागून येतं, मग चांगल्या माणसालाही मळमळतं. लॅपटॉप राऊटरला लॅन केबलने जोडा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, राऊटर त्याच खोलीत. पूर्ण खोलीच्या खेळाला साधारण २ बाय २ मीटर जागा लागते, तुमच्याकडे एका जागी उभं राहून किंवा बसून खेळायचे जमतील. हॉलमध्ये ऊन येत असेल तर भिंगं उन्हात ठेवू नका, आतला पडदा जळतो.

आणि भावाला येताना त्याचा हेडसेट आणायला सांगा की!

धागाकर्ता

हे सुचलंच नव्हतं. आत्ताच फोन केला, पुढच्या महिन्यात येतोय, घेऊन येतो म्हणाला. राऊटर हॉलमध्ये आणायला वायर मोजली, अकरा मीटर लागेल, ती उद्याच आणतो. पण त्याचा क्वेस्ट ३, भिंगं वेगळी. कोल्हापुरात ३एस चष्मा लावून बघू देणारं दुकान कुणाला माहीत आहे का? सांगली चालेल, रविवारी सुट्टी असते.