मदत हवी आहे : आंबे उतरवण्याच्या झेल्याचा मोडलेला अ‍ॅल्युमिनियमचा पाइप कसा जोडावा?

नमस्कार. आमच्या फोंड्याच्या घरामागे मानकुरादाचे जुने झाड आहे आणि त्याचे आंबे उतरवण्यासाठी आम्ही एकात एक सरकणाऱ्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांचा झेला वापरतो. (झाडाजवळून विजेची तार जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) गेल्या रविवारी एक देठ तुटेना म्हणून मी झेला जोराने तिरका ओढला, तेव्हा वरचा पाइप, खालच्यातून तो जेथे बाहेर पडतो नेमका तेथेच, दोन्ही पाइप हव्या त्या लांबीवर अडकवणाऱ्या बटणाच्या भोकापाशी मोडला. भोकाच्या कडांना पांढरी भुकटी धरलेली होती. आतले बटण आणि स्प्रिंग पोलादी असल्यामुळे आमच्याकडच्या दमट हवेत तेवढा भाग आधीच खाल्ला गेला असावा.

मोडलेल्या पाइपाचा बाहेरचा व्यास २५ मि.मी. आणि पत्र्याची जाडी जेमतेम १.२ मि.मी. आहे. जवळच्या ग्रिलवाल्याने काम घेतले नाही आणि ते योग्यच झाले, कारण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांपर्यंतही वितळत नाही. तेथे लोखंडाच्या वेल्डिंगचा रॉड काय करणार? आर्गन वेल्डिंगने सांधा जुळेल, परंतु इतक्या पातळ पत्र्याला भोक पडण्याची भीती वाटते, शिवाय सांध्यालगतचा पाइप तापून मऊ पडला तर पुढच्या वेळी तेथेच वाकेल.

बाहेरून नळी चढवली तर पाइप खालच्यात सरकणार नाही. म्हणून माळ्यावर सापडलेल्या जुन्या अँटेनाच्या २२ मि.मी. पाइपाचा वीतभर तुकडा आतून बसवण्याचा विचार आहे. आत ०.६ मि.मी. फट उरते, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून ती इपॉक्सीने भरता येईल. मात्र देठ तोडताना ओढ आणि वाक दोन्ही एकदम येतात, ते केवळ इपॉक्सीवर निभावेल का? रिव्हेट मारले तर त्यांची डोकी सरकण्याच्या आड येतात, आणि एवढ्या पातळ पत्र्यात ती बुडवताही येत नाहीत. यावर कोणी काही युक्ती केली आहे का?

शेजारचे काका म्हणतात, ‘बांबू आण आणि मोकळा हो.’ तेही खरेच, पण बारा फुटी बांबू आमच्या जिन्यात वळत नाही.

कुंडई किंवा वेर्णा औद्योगिक वसाहतीत आर्गनचे असे एकच सांध्याचे किरकोळ काम घेणारे कोणी असल्यास कृपया कळवावे, आणि साधारण किती पैसे घेतात तेही लिहावे.